उलटा पी दिसू द्या

माझं काम अक्षरजुळणीचं. लोक लिहितात, फाइल पाठवतात आणि मी ती छपाईसाठी लावून देते. फाइल उघडली की मजकूर वाचायच्या आधी मी कंट्रोल, शिफ्ट आणि आठ ही तीन बटणं एकदम दाबते. त्यासरशी पानावर एरवी न दिसणाऱ्या खुणा उमटतात. प्रत्येक स्पेसच्या जागी एक बारीक टिंब, टॅबच्या जागी बाण, आणि जिथे जिथे एंटर दाबलंय तिथे उलटा पी. लिहिणाऱ्याला वर्ड कितपत येतं हे त्या खुणा अर्ध्या मिनिटात सांगून टाकतात.

मामांच्या आठवणींची फाइल आली तेव्हा बासष्ट पानं टिंबांनी भरलेली होती. मामांनी सगळी नोकरी मराठी टाइपरायटरवर पत्रं बडवण्यात घालवली. ओळ संपत आल्याची घंटी वाजली की कागद धरणारी गाडी मागे ढकलायची, ही हातात मुरलेली सवय. कॉम्प्युटरवर घंटी नाही, तरी ओळ भरत आली की त्यांचं बोट आपसूक एंटरवर जात होतं. त्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटी उलटा पी. परिच्छेद आत घ्यायला पाच स्पेस, मथळा मधोमध आणायला अठ्ठावीस स्पेस, नवं प्रकरण नव्या पानावर न्यायला सतरा एंटर.

"दिसतंय ना व्यवस्थित? मग झालं तर," मामा म्हणाले.

मी तिसऱ्या पानावर गेले आणि एका ओळीच्या मधोमध पाच-सहा शब्द घातले. ती ओळ मावेना, तिचे शेवटचे तीन शब्द खाली एकटे पडले, त्यांच्याखाली पुन्हा पूर्ण ओळ. पुढच्या प्रकरणाचा मथळा नव्या पानाच्या दुसऱ्या ओळीवर घसरला, त्याच्या पुढचा त्याहून खाली. मामांनी चष्मा काढून पुसला.

म्हणून नवशिक्याला मी आधी बटणांची यादी देत नाही. आधी त्या खुणा चालू करायला सांगते आणि पहिले पंधरा दिवस बंद करू देत नाही. छापताना त्या उमटत नाहीत, तेव्हा घाबरायचं कारण नाही. वर्डमध्ये होम टॅबवर उलट्या पीचं बटणच आहे. लिबरऑफिस रायटरमध्ये कंट्रोल-एफ दहा. गूगल डॉक्समध्ये व्ह्यू मेनूत नॉन-प्रिंटिंग कॅरेक्टर्स दाखवायची सोय आहे. तिथे कंट्रोल-शिफ्ट-आठ दाबू नका, त्याने गोळ्यांची (बुलेटची) यादी सुरू होते. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं याचा फार विचार करू नका. रायटर फुकट आहे, गूगल डॉक्स ब्राउझरमध्ये चालतं, वर्ड बहुतेक ऑफिसांत असतं. एक नीट आलं की दुसऱ्यात फक्त मेनू शोधावे लागतात.

आधी नाव, मग मजकूर

कोरं पान उघडलं की एक अक्षरही न टाइपता कंट्रोल-एस दाबा. फाइल कुठे ठेवायची ते ठरवा, नाव द्या. "डॉक्युमेंट १" नावाच्या फाइली माझ्याकडे इतक्या येतात की कोणती कोणाची हे फोन करून विचारावं लागतं. नावात विषय असावा आणि तारीख असावी. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहिलीत तर फाइली आपोआप क्रमाने लागतात. "फायनल" हा शब्द नावात घालू नका. फायनलनंतर आणखी एक फायनल येतंच.

वर्डची फाइल २००७ पासून डॉक्स (.docx, गूगल डॉक्स वेगळं) या प्रकारात साठते, रायटरची ओडीटीमध्ये. दुसऱ्याला पाठवायची असेल तर रायटरमधूनही "सेव्ह अ‍ॅज" करून डॉक्स करता येते.

वर्ड दर दहा मिनिटांनी एक राखीव प्रत आपली आपण ठेवतो, वीज गेली तर ती कामाला येते. पण तिच्यावर विसंबू नये. परिच्छेद संपला की कंट्रोल-एस, एवढी सवय पुरे. आणि एक खास सावधगिरी: मेलमधून आलेली फाइल तिथल्या तिथे उघडून तिच्यात काम करू नका. आधी ती उतरवून आपल्या फोल्डरमध्ये ठेवा. मेलमधून थेट उघडलेली फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये असते. मामांनी तिच्यात अख्खं प्रकरण दुरुस्त केलं, सेव्हही केलं आणि दुसऱ्या दिवशी मेल उघडून बघतात तर जुनंच प्रकरण.

एंटर, स्पेस आणि त्यांची खरी कामं

आता मुख्य गोष्ट. ओळ कुठे मोडायची हे सॉफ्टवेअर ठरवतं. तुम्ही टाइप करत राहायचं. एंटर दाबलं की सॉफ्टवेअरला कळतं, परिच्छेद संपला. बस, एंटरचा तेवढाच अर्थ. जुन्या कीबोर्डांवर त्या बटणावर "रिटर्न" लिहिलेलं असायचं, ते टाइपरायटरच्या गाडीच्या परतीवरून आलं. नाव राहिलं, काम बदललं. मामांना हे सांगितल्यावर मात्र पटलं, कारण गाडीची परत फेरी त्यांच्या मनगटाला ठाऊक होती.

कवितेत किंवा पत्त्यात ओळ मोडायची आहे पण परिच्छेद तोच ठेवायचा आहे? शिफ्ट धरून एंटर. मग उलट्या पीऐवजी खाली वळलेला बाण दिसतो.

दोन परिच्छेदांत मोकळी जागा हवी म्हणून दोनदा एंटर दाबतात. त्याऐवजी पॅराग्राफच्या खिडकीत जा. वर्डमध्ये मजकुरावर उजवं क्लिक केलं की पॅराग्राफ असा पर्याय येतो. तिथे स्पेसिंग आफ्टर मध्ये सहा किंवा आठ पॉइंट घाला. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, त्यामुळे बारा पॉइंट म्हणजे इंचाचा सहावा हिस्सा. त्याच खिडकीत फर्स्ट लाइन इंडेंट आहे. पहिली ओळ आत घ्यायचं काम त्याचं, पाच स्पेसचं नाही. मथळा मध्ये आणायला कंट्रोल-ई. नवं पान हवं तर कंट्रोल-एंटर, एकदाच. मामांचे सतरा उलटे पी काढून तिथे हे एक बटण दाबलं, आणि आता आधीच्या प्रकरणात कितीही भर घातली तरी पुढचं प्रकरण पानाच्या माथ्यावरच सुरू होतं.

शब्दांच्या मध्ये एकच स्पेस. स्वल्पविरामाच्या आधी स्पेस नाही, नंतर आहे. कंसाच्या आत लगेच स्पेस नाही. ही शिस्त छपाईची आहे, पण न पाळलीत तर ओळीच्या शेवटी स्वल्पविराम तुटून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटा जाऊन बसतो. ते बघायला फार वाईट दिसतं.

समजा, तुमच्या जुन्या फाइलीत मामांसारखाच प्रकार आहे. मग एकेक उलटा पी खोडत बसू नका. फाइलीची एक प्रत काढा आणि प्रतीवर काम करा. वर्डमध्ये कंट्रोल-एच दाबा, शोधा-बदलाची खिडकी उघडते. शोधायच्या चौकटीत टोपीची खूण (शिफ्ट-सहा) आणि तिला चिकटून इंग्रजी छोटा पी लिहिलात की त्याचा अर्थ उलटा पी. मामांनी परिच्छेदांमध्ये एकेक रिकामी ओळ सोडली होती, म्हणजे परिच्छेद संपला की दोन उलटे पी लागोपाठ. तेव्हा पहिल्या फेरीत टोपी-पी टोपी-पी (मध्ये स्पेस न देता) शोधून त्याजागी तीन हॅश घातले. दुसऱ्या फेरीत उरलेले सगळे टोपी-पी शोधून त्याजागी एक स्पेस. तिसऱ्या फेरीत तीन हॅश शोधून त्याजागी टोपी-पी. तीन फेऱ्या, दोन मिनिटं, बासष्ट पानांतल्या तुटक्या ओळी सलग झाल्या. फेऱ्यांचा क्रम चुकवू नका. दुसरी फेरी आधी केलीत तर अख्खं पुस्तक एकच परिच्छेद होतं. (मी एकदा केलंय. कंट्रोल-झेडने वाचवलं.)

मग चौथी फेरी: शोधायच्या चौकटीत दोन स्पेस, बदलायच्या चौकटीत एक. "रिप्लेस ऑल" पुन्हा पुन्हा दाबायचं, शून्य बदल झाले असं येईपर्यंत. मामांच्या फाइलीला सहा वेळा दाबावं लागलं.

निवडणं, उचलणं, परत फिरणं

शब्दावर दोनदा क्लिक केलं की शब्द निवडला जातो. वर्डमध्ये तीनदा केलं की परिच्छेद. रायटरमध्ये तिसऱ्या क्लिकला वाक्य आणि चौथ्याला परिच्छेद. लांबलचक मजकूर माउस ओढत निवडू नका, पानं पळायला लागतात. सुरुवातीला क्लिक करा, खाली जा, शिफ्ट धरून शेवटी क्लिक करा. सगळंच हवं तर कंट्रोल-ए.

मी कामाला लागले तेव्हा मजकुराचे ब्रोमाइड, म्हणजे फोटोच्या कागदावर उमटवलेला मजकूर, कात्रीने कापून पानावर चिकटवायचे. एक परिच्छेद वर न्यायचा तर खरोखर कापून वर चिकटवावा लागे. कट आणि पेस्ट ही नावं त्याच कामावरून आली. लॅरी टेस्लर यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात ती कल्पना पडद्यावर आणली. कंट्रोल-एक्स, कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही. इंटरनेटवरून उचललेला मजकूर मात्र आपला रंग, आकार, फॉन्ट सगळं घेऊन येतो आणि तुमच्या पानात परका दिसतो. तो डकवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा, नुसता मजकूर येतो. जुन्या वर्डमध्ये ही बटणं चालत नाहीत, तिथे पेस्टच्या बटणाखालचा बाण उघडून "कीप टेक्स्ट ओन्ली" निवडा.

कंट्रोल-झेड म्हणजे शेवटचं केलेलं रद्द. कंट्रोल-वाय म्हणजे रद्द केलेलं पुन्हा आणा. फाइल बंद केली की वर्डची ही आठवण पुसली जाते, म्हणून मोठा बदल केल्यावर जरा नजर फिरवून मगच बंद करा.

मराठी टाइप करताना

इथे जरा थांबते, कारण इंग्रजी पुस्तकांतून शिकवणारे हा भाग गाळतात.

पहिली गोष्ट युनिकोडची. जुन्या मराठी फॉन्टांत आतून इंग्रजी अक्षरंच साठवलेली असत, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा चेहरा द्यायचा. तो फॉन्ट समोरच्याकडे नसला की पत्रात इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि देवनागरी तिच्यात तेव्हापासूनच आहे. मंगल, निर्मला, कोकिला, नोटो, मुक्ता यांपैकी कोणताही फॉन्ट घ्या, अक्षरं तीच राहतात, वळण बदलतं. नव्या माणसाने युनिकोडशिवाय दुसरं काही शिकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा. मग विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबलं की इंग्रजीतून मराठीत जाता येतं. कीबोर्ड दोन प्रकारचे: इनस्क्रिप्ट, ज्यात स्वर एका हाताला आणि व्यंजनं बरीचशी दुसऱ्या हाताला असतात, आणि फोनेटिक, ज्यात इंग्रजी उच्चाराप्रमाणे लिहिलं की मराठी उमटतं. कधीतरी चार ओळी लिहायच्या असतील तर फोनेटिक बरा. रोज लिहायचं असेल तर महिनाभर कुरकुर करत का होईना, इनस्क्रिप्ट शिका. पाय मोडायचं बटण डी, आणि जोडाक्षराचं सगळं गणित त्यावर. "दुसऱ्या"मधला ऱ्य हवा तर शिफ्ट-जे ने ऱ, मग डी, मग य. साधा र घेतलात तर "दुसर्‍या"च्या जागी रफार चढून "दुसर्या" होतं, आणि मुद्रितशोधकाचा संताप होतो.

मामांची अडचण वेगळी होती. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते म्हणून ती आधी मारायची आणि मग अक्षर. युनिकोडमध्ये जसं बोलतो तसं: आधी क, मग वेलांटी. सॉफ्टवेअर तिला स्वतःच डावीकडे नेऊन बसवतं. मामा आधी वेलांटी मारत आणि पडद्यावर टिंबांचं एक गोल वर्तुळ उमटे, वेलांटीला बसायला अक्षर नाही म्हणून. "हे काय भोक पडलं?" असं ते विचारायचे. आठवडाभर दिवसातून चार वेळा. ज्यांची बोटं टाइपरायटरच्या जुन्या रेमिंग्टन पद्धतीवर बसली आहेत त्यांच्यासाठी तशा मांडणीचे युनिकोड कीबोर्डही मिळतात. मामांनी मात्र हट्टाने इनस्क्रिप्टच घेतला.

खोडताना आणखी एक गंमत आहे. "स्त्री" लिहा आणि शेवटून बॅकस्पेस दाबत चला. पहिल्या फटक्याला वेलांटी जाते, स्त्र उरतं. मग र जातो, मग पाय, मग त, मग पाय, मग स. दिसायला एक अक्षर, आत सहा. कर्सर अक्षराच्या आधी ठेवून डिलीट दाबलंत तर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये अख्खं जोडाक्षर एका फटक्यात जातं. तेव्हा फक्त मात्रा चुकली असेल तर बॅकस्पेस, अक्षरच नको असेल तर डिलीट.

फॉन्टचा आकार बदलला तरी मराठी मजकूर तसाच राहिला, असा प्रकार बरेचदा होतो. वर्डमध्ये कंट्रोल-डी दाबून फॉन्टची खिडकी उघडा. तिथे "कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स" असा वेगळा विभाग दिसेल. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथे ठरतो, वरच्या विभागात इंग्रजीचा. रायटरमध्येही अक्षरांच्या खिडकीत असे दोन भाग असतात. आणि सगळ्या मराठी शब्दांखाली लाल नागमोडी रेषा आली तर तुमचं शुद्धलेखन वाईट आहे असं समजू नका. मजकुराची भाषा इंग्रजी ठरलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. सगळा मजकूर निवडून रिव्ह्यू टॅबमधून भाषा मराठी करा.

मथळ्याला मथळा म्हणा

मामांनी प्रकरणांची नावं ठळक आणि मोठी केली होती, आणि शेवटी अनुक्रमणिका हाताने: प्रकरणाचं नाव, मग टिंबांची लांब रांग, मग पानाचा आकडा. तुटक्या ओळी जोडल्यावर बासष्ट पानांची एक्कावन्न झाली आणि अनुक्रमणिकेतला एकही आकडा बरोबर राहिला नाही.

मथळ्याच्या ओळीत कर्सर ठेवा आणि होम टॅबवरच्या स्टाइल्समधून हेडिंग वन निवडा. वर्डमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एक, रायटरमध्ये कंट्रोल-एक. उपमथळ्याला हेडिंग टू. त्याचं रूप आवडलं नाही तर स्टाइलवर उजवं क्लिक करून मॉडिफाय करा. एकदा बदललंत की त्या स्टाइलचे सगळे मथळे बदलतात. मराठीसाठी तिथेही कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा फॉन्ट ठरवायला विसरू नका. मग जिथे अनुक्रमणिका हवी तिथे जाऊन वर्डच्या रेफरन्सेस टॅबमधून टेबल ऑफ कंटेंट्स घाला. पुढे मजकूर बदलला तर तिच्यात क्लिक करून एफ नऊ दाबा, पानांचे आकडे नव्याने येतात. मामांनी हे पाहिलं आणि मला पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं. मग स्वतः केलं. मग मुद्दाम मध्ये एक कोरं पान घालून पुन्हा एफ नऊ.

पानाचा आकार आणि समास लेआउट टॅबमध्ये. ए फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. काही कॉम्प्युटरांवर लेटर हा आकार ठरलेला असतो, तो थोडा रुंद आणि आखूड, तेवढ्याने पानं पुढेमागे सरकतात. म्हणून हे सुरुवातीलाच बघा. पानांचे आकडे इन्सर्टमधून, हाताने कधीच नाही.

रकान्यांत माहिती मांडायची असेल, जसं मामांच्या बदल्यांची साल आणि ठिकाण, तर इन्सर्टमधून टेबल घ्या. एका घरातून पुढच्या घरात टॅबने जायचं, शेवटच्या घरात टॅब दाबलं की नवी ओळ तयार. रेघा नको असतील तर बॉर्डर काढून टाका, रकाने सरळच राहतात.

सगळं झालं की वाचणाऱ्याला पीडीएफ पाठवा, दुरुस्त करणाऱ्याला डॉक्स. वर्डमध्ये "सेव्ह अ‍ॅज" करताना प्रकार पीडीएफ निवडायचा. पीडीएफ स्वतः उघडून शेवटच्या पानापर्यंत बघा, मगच पाठवा.

मामांनी गेल्या महिन्यात दुसरा भाग पाठवला. मी सवयीने कंट्रोल-शिफ्ट-आठ दाबलं. परिच्छेदाला एक उलटा पी, मथळे सगळे स्टाइलमध्ये, प्रकरणांच्या मध्ये पेज ब्रेक. शेवटच्या पानावर तळाशी त्यांचं नाव उजव्या कडेला, आणि त्याच्या आधी टिंबं. मोजली, एक्केचाळीस.

फोन केला. "मामा, उजवीकडे न्यायला कंट्रोल-आर असतं."

"माहितीये गं मला," मामा म्हणाले. "सहीच्या जागेला हात आपोआप जातो."